दगडांना आश्रय, माणसांना वनवास

दरवर्षी ७ ऑगस्ट या दिवशी शिकागो, सिडनी, स्टॉकहोम आणि इराकमधील काही मोजक्या गावांत एक छोटा समाज एकत्र जमतो. मेणबत्त्या लावल्या जातात, अरामी भाषेत प्रार्थना होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात आणि लोक आपापल्या घरी परततात. जगातील बड्या वृत्तपत्रांना त्या दिवशी त्यांची आठवण होत नाही. हा समाज आहे असिरियनांचा. त्यांना राष्ट्र नाही, सैन्य नाही, संयुक्त राष्ट्रसंघात खुर्ची नाही. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्याजवळ एक गोष्ट होती, ती म्हणजे स्वतःची भूमी. ती त्यांच्यापासून कशी हिरावली गेली आणि हिरावणाऱ्यांइतकेच राखण करण्याचे वचन देणारे त्या पापाचे धनी कसे ठरले, याचा हिशेब मांडणे आवश्यक आहे. कारण हा हिशेब कोणत्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आजवर मांडलेला नाही.

शिल्पे उचलली, माणसे राहिली

१८४५ च्या नोव्हेंबरात ऑस्टेन हेन्री लेयार्ड नावाच्या इंग्रजाने मोसुलजवळ निमरूद येथे उत्खनन सुरू केले. मानवी मुखाचे, पंख असलेले प्रचंड बैल आणि सिंह मातीतून वर आले. असिरियन सम्राटांचे राजवाडे अडीच हजार वर्षांनंतर जगासमोर आले आणि लंडन-पॅरिसच्या विद्वत्सभा हर्षाने वेड्या झाल्या. ती शिल्पे तैग्रिस नदीतून तराफ्यांवर बसऱ्याला आणि बसऱ्याहून आपल्या मुंबई बंदरामार्गे लंडनला नेण्यात आली. निमरूदच्या राजवाड्यांतील काही शिल्पपट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आजही पाहायला मिळतात. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी मुलाबाळांसह ते पाहिलेही असतील.

त्याच लेयार्डने १८४६ च्या उन्हाळ्यात उत्तरेकडील हक्कारीच्या पर्वतांत प्रवास केला. तेथील तियारी खोऱ्यात लिझान गावाजवळच्या कड्याखाली त्याने काय पाहिले? माणसांच्या हाडांचे ढीग! कवट्या, स्त्रियांच्या केसांच्या वेण्या, कापडाच्या चिंध्या. तीन वर्षांपूर्वी, १८४३ साली बोहतानचा अमीर बद्रखान बेग आणि हक्कारीचा नूरुल्ला बेग यांनी या खोऱ्यातील असिरियनांची कत्तल केली होती. लेयार्ड परतल्यावर थोड्याच काळात शेजारच्या तखुमा खोऱ्यावरही तीच पाळी आली. या दोन आघातांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मारली गेली, असा अंदाज दिला जातो. लेयार्डने हे सारे आपल्या ग्रंथात प्रामाणिकपणे लिहून ठेवले. युरोपच्या दबावामुळे तुर्की सुलतानाने बद्रखानावर सैन्य धाडले आणि १८४७ मध्ये त्याला पकडून हद्दपार केले. परंतु उजाड झालेल्या खोऱ्याच्या रक्षणाची व्यवस्था मात्र कुणीही केली नाही.

असिरियन समाजाची पुढची सारी कथा या एका प्रसंगात बीजरूपाने सामावली आहे. पूर्वजांच्या दगडांना लंडनमध्ये मानाचे दालन मिळाले; जिवंत वंशजांच्या वाट्याला सहानुभूतीचे चार परिच्छेद आले.

काही विद्वान येथे लगेच शंका काढतील की आजचे असिरियन हे त्या प्राचीन सम्राटांचे खरे वंशज आहेत काय? या प्रश्नावर पांडित्यपूर्ण वाद खुशाल चालू द्यावेत. हे लोक त्याच प्रदेशात शतकानुशतके राहत आले आणि त्या साम्राज्याच्या उत्तरकाळात जी अरामी भाषा दरबारात व बाजारात रूढ झाली, तिच्याच आजच्या रूपात ते बोलतात, ही वस्तुस्थिती पुरेशी आहे. घरातून हुसकावल्या जाणाऱ्या माणसाकडे वंशावळीचा पुरावा मागणे हा विद्वत्तेचा नव्हे, निर्दयतेचा प्रकार आहे.

डोंगरातले स्वराज्य

हक्कारी हा आजच्या तुर्कस्तानचा आग्नेय कोपरा. इराण आणि इराक यांच्या सीमा तेथे येऊन मिळतात. झाब नदीने कापलेल्या खोल दऱ्या, वर्षातील कित्येक महिने बर्फाने बंद होणाऱ्या खिंडी, कड्याच्या उतारावर दगडी बांध घालून तयार केलेली वीतभर शेते आणि त्यांत पिकवलेले भात व ज्वारी-बाजरीसारखे धान्य. उन्हाळ्यात मेंढरांचे कळप घेऊन कुटुंबे वरच्या कुरणांवर जात आणि थंडी पडताच खाली उतरत. वरचे तियारी, खालचे तियारी, तखुमा, जिलू, बाझ आणि दिझ अशा त्यांच्या टोळ्या होत्या. प्रत्येक टोळीचा प्रमुख ‘मलिक’. पुरुषांच्या खांद्याला बंदूक, कमरेला खंजीर आणि डोक्यावर शंकूच्या आकाराची लोकरी टोपी. सुलतानाला नाममात्र खंडणी द्यायची, तीही मन मानेल तेव्हा. बाकी कारभार आपला आपण पाहायचा.

या सर्व टोळ्यांचा एकच सर्वोच्च प्रमुख होता, तो म्हणजे कुदशानिस या डोंगरी गावात राहणारा धर्माधिपती ‘मार शिमून’. हे पद काकाकडून पुतण्याकडे जाई. त्या पदासाठी निवडलेला मुलगा जन्मापासून मांसाहार वर्ज्य करी आणि आजन्म ब्रह्मचारी राही. इतकेच नव्हे, तर त्याची मातादेखील गरोदरपणी मांस खात नसे. तंटे तोच मिटवी, शेजारच्या कुर्द सरदारांशी तहाची बोलणी तोच करी आणि सुलतानाच्या दरबारात आपल्या लोकांच्या वतीने तोच बोले. त्यांचा पंथ म्हणजे ‘पूर्वेचे चर्च’. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल या दोन्ही सत्ताकेंद्रांपासून ते पाचव्या शतकातच वेगळे झाले होते. एके काळी या चर्चचे धर्मोपदेशक इराण आणि मध्य आशिया ओलांडून चीनपर्यंत पोहोचले होते. तैमूरलंगाच्या स्वाऱ्यांच्या काळात ते वैभव लयाला गेले आणि उरलेले अनुयायी या पर्वतांच्या आश्रयाला राहिले.

या समाजाचे चित्र गोड करून रंगवण्याचे कारण नाही. टोळ्या-टोळ्यांत वैरे होती, मेंढरे पळवणे चालत असे आणि सूडाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या टिके. शेजारी कुर्द टोळ्यांशी कधी भांडण, कधी मैत्री, कधी दुसऱ्या टोळीविरुद्ध एकत्र लढाई असा व्यवहार होता. परंतु हे सारे दोन समबल शेजाऱ्यांमधले होते. हातात शस्त्र आणि पायाखाली स्वतःची भूमी असल्यामुळे हे लोक कुणाचे आश्रित नव्हते, हे महत्त्वाचे!

एकोणिसाव्या शतकात त्यांच्याकडे ‘मदतनीस’ येऊ लागले. १८३५ मध्ये अमेरिकन मिशनने इराणातील उर्मिया येथे ठाण मांडले. पाठोपाठ फ्रेंच कॅथॉलिक आले. १८८६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने आपले मिशन स्थापन केले. १८९८ मध्ये उर्मियाकडील एका बिशपाने आपल्या अनुयायांसह रशियन चर्चचा स्वीकार केला. शाळा निघाल्या, छापखाने आले, दवाखाने झाले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु एकाच रक्ताच्या, एकाच भाषेच्या लहानशा समाजाचे प्रॉटेस्टंट, कॅथॉलिक, रशियन ऑर्थोडॉक्स आणि जुन्या पंथाचे असे तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याची नजर वेगळ्या राजधानीकडे वळली. कुणी लंडनकडे पाहू लागला, कुणी पॅरिसकडे, कुणी सेंट पीटर्सबर्गकडे. हक्कारीच्या कड्यांकडे पाहून ‘आपले रक्षण येथूनच होईल’ असे म्हणणारे कमी होत गेले. दुर्बलांच्या अंतःकरणात परावलंबनाची सवय किती हळूवारपणे रुजवता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तलवारीचे वर्ष

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. रशिया आणि तुर्कस्तान यांच्या दोन जात्यांत हक्कारी सापडली. १९१५ मध्ये ऑटोमन सरकारच्या आदेशाने आर्मेनियनांचा वंशविच्छेद सुरू झाला आणि त्याच वरवंट्याखाली असिरियनही आले. असिरियन त्या वर्षाला ‘सैफो’ म्हणतात. सैफो म्हणजे तलवार. तरुण धर्माधिपती मार शिमून बेन्यामिन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. त्यांचा भाऊ होर्मिझ्द तुर्कांच्या ताब्यात ओलीस होता. शरण या, अन्यथा भावाचा जीव जाईल, असा निरोप आला. आपल्या लोकांना सोडून भावाचे प्राण वाचवण्यास बेन्यामिन यांनी नकार दिला आणि होर्मिझ्द मारला गेला.

त्या उन्हाळ्यात मोसुलच्या वालीचे सैन्य आणि कुर्द टोळ्या अनेक बाजूंनी खोऱ्यांत शिरल्या. गावे जाळली, चर्चे उद्ध्वस्त केली, पाण्याचे पाट फोडले. टोळ्या वरच्या बर्फाळ शिखरांवर गेल्या. तेथे अन्न नव्हते, दारूगोळा संपत आला होता आणि रशियन मदत पोहोचली नाही. अखेर शरद ऋतूत संपूर्ण समाज सीमा ओलांडून इराणातील सलमास व उर्मियाच्या मैदानात उतरला. हक्कारीतील हजारो वर्षांचे वास्तव्य एका ऋतूत संपले.

१९१७ मध्ये रशियात क्रांती झाली आणि रशियन सैन्य आघाडी सोडून निघून गेले. त्या हिवाळ्यात कॅप्टन ग्रेसी हा ब्रिटिश अधिकारी उर्मियाला आला आणि आघाडी धरून ठेवण्याचे आवाहन करून गेला. त्याने नेमके कोणते वचन दिले, यावर पुढे लंडनने हात झटकले. असिरियन पुढारी मात्र शेवटपर्यंत सांगत राहिले की, स्वातंत्र्याच्या आश्वासनावर आम्ही लढलो. ३ मार्च १९१८ रोजी सिमको या कुर्द सरदाराने मार शिमून यांना बोलणीसाठी बोलावले. चहापाणी झाले, निरोप झाला आणि ते बग्गीकडे वळताच छपरांवरून गोळ्यांचा वर्षाव झाला. शांततेचा निरोप घेऊन गेलेला धर्माधिपती आणि त्याचे अनेक सोबती तेथेच ठार झाले. सूडाने पेटलेल्या असिरियनांच्या हातूनही त्यानंतर निरपराध मुसलमान मारले गेले. हे लपवण्याचे कारण नाही. राज्यव्यवस्था कोसळते तेव्हा माणसातील पशू कोणत्याच एका धर्माचा नसतो.

जुलै १९१८ मध्ये एक ब्रिटिश विमान उर्मियात उतरले. दक्षिणेकडून आमची मदत येत आहे, तुम्ही येऊन भेटा, असा निरोप वैमानिकाने आणला. सेनापती आगा पेत्रोस फौज घेऊन निघाला आणि मागे घबराट माजली. तुर्की सैन्य चालून येत असल्याच्या वार्तेने सारा जनसमुदाय बैलगाड्या, गाढवे, लहान मुले, म्हातारीकोतारी घेऊन हमदानच्या वाटेला लागला. उन्हाळा, कॉलरा, भूक आणि वाटेवरचे हल्ले! निघालेल्या सुमारे ऐंशी हजारांपैकी आर्मेनियन धरून पन्नास हजारांच्या आसपास माणसे ब्रिटिशांच्या हद्दीत पोहोचली. त्यांना बगदादच्या ईशान्येला बाकूबा येथे तंबूंच्या छावणीत ठेवण्यात आले. महायुद्धात आपला जवळपास निम्मा समाज, म्हणजे अडीच लाख माणसे नष्ट झाली, असे त्यांच्या प्रतिनिधींनी पॅरिसच्या शांतता परिषदेत मांडले.

कागदावरचे शब्द, नकाशावरची रेघ

मेसोपोटेमियाचा तो प्रदेश ब्रिटिशांनी कुणाच्या रक्तावर जिंकला होता? प्रामुख्याने भारतीय सैनिकांच्या! कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी उपासमारीत होत्या. ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकात येथे ११४ व्या मराठा पलटणीने पराक्रमाची शर्थ केली. प्राचीन असिरियाची पहिली राजधानी अशुर हिचे भग्नावशेष तेथेच आहेत. आपल्या कोकण-देशावरच्या पोरांनी ज्या भूमीवर प्राण दिले, तिचे भवितव्य ठरवताना लंडनच्या मुत्सद्द्यांनी काय केले, हे पाहण्याचा अधिकार म्हणूनच आपल्यालाही आहे.

१० ऑगस्ट १९२० च्या सेव्हर तहात असिरो-खाल्डियनांच्या संरक्षणाची तरतूद कलम ६२ मध्ये लिहिली गेली. तो तह अमलातच आला नाही. २४ जुलै १९२३ रोजी लोझान येथे दुसरा तह झाला. त्यात असिरियनांचे नावही उरले नाही! १९२४ मध्ये ब्रिटिशांनी हक्कारीवर दावा सांगितला. तुर्की प्रतिनिधीने उलट सांगितले की, हे लोक आमच्या राज्यात सुखाने राहू शकतात. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, आपल्या उजाड खोऱ्यांत परतून घरे बांधू लागलेल्या तियारी व तखुमांना तुर्की फौजेने पुन्हा पिटाळून लावले. ‘सुखाने राहण्याचा’ अर्थ हा असा!

राष्ट्रसंघाच्या चौकशी मंडळाने १९२५ मध्ये शिफारस केली की, असिरियनांना युद्धापूर्वी जे अधिकार प्रत्यक्षात होते ते पुन्हा मिळावेत. १६ डिसेंबर १९२५ रोजी निर्णय झाला. मोसुल इराकला, हक्कारी तुर्कस्तानला. मोसुलच्या तेलाला रक्षक मिळाला; हक्कारीच्या माणसांच्या घरावरून मात्र सीमेची रेघ गेली. १९२६ च्या अंकारा तहाने त्या रेघेवर शिक्कामोर्तब केले. शिफारस कागदावरच राहिली.

दरम्यान ब्रिटिशांनी या डोंगरी योद्ध्यांच्या ‘लेव्ही’ पलटणी उभ्या केल्या. विमानतळांचे रक्षण करायला आणि अरब व कुर्द बंडे मोडायला हे भाडोत्री हात स्वस्तात मिळाले. परिणाम काय झाला? इराकच्या बहुसंख्य जनतेच्या नजरेत असिरियन म्हणजे परकीय सत्तेचे हस्तक ठरले. ज्या सत्तेने त्यांना भूमी दिली नाही, त्याच सत्तेसाठी त्यांनी शेजाऱ्यांचे वैर पदरात घेतले. १९३१ मध्ये इराकला लवकर स्वातंत्र्य मिळावे म्हणून ब्रिटिश उच्चायुक्त सर फ्रान्सिस हम्फ्रीज यांनी राष्ट्रसंघाच्या समितीपुढे ग्वाही दिली की, इराक विश्वासाला अपात्र ठरला तर नैतिक जबाबदारी ब्रिटनची राहील. ३ ऑक्टोबर १९३२ रोजी इराक राष्ट्रसंघाचा सभासद झाला. अल्पसंख्याकांना संरक्षण देण्याचे निवेदन त्याने रीतसर सादर केले होते. कागद पुन्हा एकदा परिपूर्ण होता!

सिमेले

त्या निवेदनाची शाई वाळायला एक वर्षही लागले नाही. असिरियनांनी अमादिया भागात एकत्र वसाहत मागितली होती. नव्या शासनाने ती नाकारली. उलट तरुण मार शिमून एशाय यांनी ऐहिक अधिकार सोडल्याचे लिहून द्यावे म्हणून त्यांना बगदादमध्ये अडकवून ठेवले. जुलै १९३३ मध्ये मलिक याकू आणि तखुमाचा मलिक लोको शेकडो सशस्त्र माणसांसह तैग्रिस ओलांडून फ्रेंचांच्या ताब्यातील सीरियात गेले. फ्रेंचांनी त्यांना आश्रय नाकारला. परतताना ४ ऑगस्टला देराबून येथे इराकी सैन्याशी चकमक झाली. पहिली गोळी कुणी झाडली, यावर दोन्ही बाजूंची साक्ष वेगळी आहे.

परंतु त्यानंतर जे घडले त्याला चकमक म्हणता येत नाही. जनरल बकर सिद्कीच्या सैन्याने त्या बंडात भाग न घेतलेल्या खेड्यांकडे मोर्चा वळवला. आसपासच्या गावांतील भयभीत कुटुंबे सिमेले येथील पोलीस ठाण्याच्या आश्रयाला जमली. सरकारी ठाण्यापेक्षा सुरक्षित जागा कोणती? त्यांच्याजवळची शस्त्रे काढून घेण्यात आली. ११ ऑगस्ट १९३३ रोजी सैन्य आले आणि निःशस्त्र पुरुषांना मशीनगनने टिपण्यात आले. साठाहून अधिक गावे लुटली गेली. तत्कालीन ब्रिटिश अधिकाऱ्यांचा मृतांचा अंदाज सहाशेच्या आसपासचा आहे, असिरियन समाज तीन हजार वा त्याहून अधिक सांगतो. आकडा कोणताही धरा. शासनाच्या दाराशी शरण आलेल्यांना शासनाच्याच सैन्याने मारले, हे सत्य बदलत नाही.

विजयी सैन्याच्या मिरवणुका निघाल्या, बकर सिद्कीला बढती मिळाली. मार शिमून यांचे नागरिकत्व काढून त्यांना सायप्रसला धाडण्यात आले. ज्यांनी ‘नैतिक जबाबदारी’ शिरावर घेतली होती, त्या ब्रिटनने स्वतंत्र चौकशी होऊ नये याचीच काळजी घेतली. पोलंडचे कायदेपंडित राफाएल लेम्किन यांनी पुढे ‘जेनोसाइड’ हा शब्द घडवला, त्यामागे आर्मेनियनांच्या संहाराबरोबर सिमेलेची घटनाही होती. म्हणजे या समाजाने जगाला एका महान कायद्याची प्रेरणा दिली आणि त्या कायद्याचा लाभ मात्र स्वतःला कधी झाला नाही. आणि ज्या सैन्याला निःशस्त्रांवर गोळ्या झाडल्याबद्दल फुले वाहिली, त्याच सेनापतीने १९३६ मध्ये बगदादचे सरकारच उलथून टाकले. अत्याचाराला शौर्य ठरवणाऱ्या राज्याला त्याचे फळ चाखावेच लागते.

पुन्हा तोच खेळ

राष्ट्रसंघाने मग या लोकांसाठी जागा शोधली. ब्राझील पाहिले, ब्रिटिश गयाना पाहिले, आणि शेवटी सीरियात खाबूर नदीकाठी सुमारे पस्तीस गावे वसवली. तियारी, तखुमा, जिलू, बाझ अशा टोळीवार त्या वस्त्या झाल्या. जणू हक्कारीचा नकाशा सपाट मैदानावर पुन्हा काढला! त्या माळरानावर त्यांनी पाट काढले, द्राक्षे लावली, चर्चे बांधली. ऐंशी वर्षांनी, २३ फेब्रुवारी २०१५ च्या पहाटे ‘इस्लामिक स्टेट’चे दहशतवादी या गावांत शिरले. दोनशेहून अधिक स्त्री-पुरुष-बालके ओलीस धरली गेली. तिघांना कॅमेऱ्यासमोर ठार केले गेले. उरलेल्यांना जगभर पसरलेल्या समाजबांधवांनी वर्गणी जमवून सोडवले. शेवटची तुकडी फेब्रुवारी २०१६ मध्ये सुटली. खाबूरकाठी आज बहुतेक घरांना कुलपे आहेत.

इराकमध्येही निराळे घडले नाही. जानेवारी २०१४ मध्ये बगदादच्या मंत्रिमंडळाने निनेवेच्या मैदानाचा स्वतंत्र प्रांत करण्यास तत्त्वतः संमती दिली. त्याच वर्षी जूनमध्ये मोसुल पडले आणि ६ ऑगस्टच्या रात्री कुर्द पेशमर्गा दले निनेवेच्या मैदानातून रातोरात मागे हटली. आमची शस्त्रे आधीच काढून घेतली होती, अशी स्थानिकांची तक्रार आहे. सिमेलेची आठवण यावी असाच हा प्रकार! एका रात्रीत लाखाहून अधिक माणसे अंगावरच्या कपड्यांनिशी एर्बिलच्या दिशेने निघाली.

आणि जगाने अश्रू केव्हा ढाळले? २०१५ च्या प्रारंभी मोसुलच्या संग्रहालयातील मूर्ती हातोड्यांनी फोडल्याची चित्रफीत आली तेव्हा आणि निमरूदचे अवशेष उडवून दिले गेले तेव्हा! प्राचीन वारशाचा तो विध्वंस अमानुषच होता, त्याबद्दल दुमत नाही. परंतु पंखधारी बैलासाठी जे अग्रलेख लिहिले गेले, त्यांच्या दशांशानेही खाबूरच्या ओलिसांसाठी का लिहिले गेले नाहीत? लेयार्डच्या काळापासून पाश्चात्त्यांची वृत्ती बदललेली नाही. त्यांना असिरिया हवी आहे, असिरियन नकोत.

दोष कुणाचा?

सर्वाधिक दोष अर्थातच मारणाऱ्यांचा. ऑटोमन शासनाचा वारसा सांगणारे तुर्कस्तान आजही १९१५ च्या वंशविच्छेदाचा इन्कार करते. स्वीडनच्या संसदेने २०१० मध्ये असिरियनांच्या संहाराला मान्यता दिली, तेव्हा तुर्कस्तानने आपला राजदूत परत बोलावला. याउलट तुर्कस्तानातीलच ज्येष्ठ कुर्द नेते अहमद तुर्क यांनी आपल्या पूर्वजांच्या सहभागाबद्दल जाहीर क्षमा मागितली. एका व्यक्तीला जे धैर्य होते, ते एका राज्याला नसावे, हे लज्जास्पद आहे. १९३३ मध्ये अल्कोशच्या खाल्डियन ग्रामस्थांनी पळून आलेल्यांना आसरा दिला. अशी माणसे सर्वत्र होती. म्हणून हा लेखाजोखा कोणत्या एका धर्माच्या सामान्य माणसाविरुद्ध नाही. तो सत्ताधीशांविरुद्ध आहे.

दुसरा दोष वचने देऊन फिरवणाऱ्यांचा. परंतु तिसऱ्या दोषाचा उच्चारही केला पाहिजे. सेनापती आगा पेत्रोस आणि मार शिमून यांच्या घराण्यात बेबनाव होता. १९३३ मध्ये तियारीचा मलिक खोशाबा सरकारच्या बाजूने उभा होता आणि मलिक याकू सीमेपलीकडे होता. असिरियन, खाल्डियन, सुर्यानी अशा नावांवरून त्यांच्यात आजही तंटे चालतात. मूठभर समाज, त्यात चार चर्चे आणि आठ पक्ष! ज्यांचे शत्रू एकत्र येतात आणि स्वतःचे लोक एकत्र येत नाहीत, त्यांच्या शौर्याचे पोवाडे उरतात, भूमी उरत नाही.

त्रिचूरचा दिवा

या काळोखात एक दिवा आपल्या देशात तेवत आहे, याची जाणीव फारच थोड्यांना आहे. केरळमधील त्रिचूर येथे याच पूर्वेच्या चर्चचे अनुयायी आहेत. असिरियन समाजातून आलेले मार तिमथियस १९०८ मध्ये तेथे बिशप म्हणून आले. १९२० मध्ये मार शिमून एशाय अवघे बारा वर्षांचे असताना त्या गादीवर बसले, तेव्हा काही काळ कारभार सांभाळायला याच त्रिचूरच्या बिशपाला इराकमध्ये बोलावण्यात आले. ज्या चर्चच्या मूळ भूमीत गावेच्या गावे जळत होती, त्याची प्रार्थना त्रिचूरमध्ये अखंड सुरू होती. तेथे त्यांच्या आपसांतील तंटे न्यायालयात गेले, हे खरे. पण ते न्यायालयात गेले, स्मशानात नव्हे. सीमा, तह आणि राष्ट्रसंघ यांनी जे केले नाही, ते या भूमीच्या स्वभावाने सहज केले. परकीय पंथाच्या माणसाला त्याचा देव्हारा जपू देण्यासाठी आपल्याला कुणी कलम ६२ लिहून द्यावे लागले नाही.

आता काय?

भारताने या प्रश्नावर मौन का बाळगावे? तुर्कस्तानने १९१५ चे सत्य स्वीकारावे, निनेवेच्या मैदानातील असिरियन, यझिदी आणि इतर छोट्या समाजांना स्वतःच्या रक्षणाचा व स्थानिक कारभाराचा अधिकार मिळावा, बळकावलेल्या जमिनी परत मिळाव्यात आणि त्यांच्या मुलांना अरामी भाषेत शिकता यावे, या मागण्यांत अवाजवी काय आहे? २००३ पूर्वी इराकमधील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे चौदा-पंधरा लाख सांगितली जाई. आज ती तीन लाखांच्याही खाली असल्याचे अंदाज आहेत. आणखी एक पिढी अशीच गेली तर ही भाषा केवळ शिकागोच्या चर्चमध्ये आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयात उरेल. २०१५ मध्ये या चर्चची गादी अमेरिकेतून परत एर्बिलजवळच्या अंकावा येथे आली, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. धर्माधिपती परतला, आता प्रजा परतली पाहिजे.

आणि आपल्यासाठी? मुंबईच्या संग्रहालयात निमरूदचे शिल्पपट पाहायला पुन्हा जाल, तेव्हा मुलांना सम्राटांच्या नावांबरोबर कुदशानिस, लिझान आणि सिमेले ही नावेही अवश्य सांगा. ज्यांच्या पूर्वजांनी हे दगड घडवले असे ते मानतात, त्या लोकांना तह मिळाले, ठराव मिळाले, सहानुभूती मिळाली, फक्त भूमी मिळाली नाही, हेही सांगा. आपल्या रक्षणाचे दायित्व दुसऱ्याच्या स्वाक्षरीवर सोपवणाऱ्या समाजाचे काय होते, याचा याहून रोखठोक धडा जगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.